पाच इंच पिनवाला एक्स-आऊट बॉल आणि उद्यमबागेतलं ड्रिलिंग : सविस्तर रिव्ह्यू

बेळगावात टेनपिन बॉलिंगचा बॉल ड्रिल करून, म्हणजे बोटांची भोकं मारून, मिळतो काय म्हणून बरेच जण विचारतात, तर होय, मिळतो, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये. आणि माझा बॉल साधा नव्हता, वजन भलतीकडेच असलेला एक्स-आऊट होता, तरी काम असं झालंय की मी मोठ्या शहरातल्या प्रो शॉपमध्ये, म्हणजे बॉलिंगच्या खास दुकानात, करून घेतलेल्या बॉलपेक्षा हाच जास्त वापरतो. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, मालकांनी स्वतःच सांगितलंय, "नाव घालू नको बाबा, हायड्रॉलिकची गिऱ्हाईकं सांभाळता सांभाळता नाकी नऊ आलेत". ज्याला खरंच पाहिजे त्याने मला विचारा, मी घेऊन जातो.

आधी बॉलबद्दल, कारण तो समजल्याशिवाय काम किती अवघड होतं ते कळायचं नाही. पंधरा पौंडी, रिअॅक्टिव्ह रेझिनचा, म्हणजे लेनवर पकड घेणाऱ्या मटेरियलचा, आणि अॅसिमेट्रिक कोअरचा, म्हणजे आतला गाभा सगळ्या बाजूंनी सारखा नसलेला. एक्स-आऊट म्हणजे कंपनीने फर्स्ट क्वालिटीतून बाजूला काढलेला माल, त्यावर X खोदलेला असतो आणि किंमत बरीच कमी असते. एका पीसवरून कुणाचं मत वाईट होऊ नये म्हणून ब्रँड लिहीत नाही. बॉलवर एक रंगीत ठिपका असतो ती पिन, म्हणजे आतल्या कोअरचं डोकं कुठे आहे त्याची खूण. दुसरी खूण सीजीची, म्हणजे बॉलचं जड अंग कुठल्या बाजूला आहे ती. नेहमीच्या बॉलमध्ये या दोघांत दोन-तीन इंच अंतर असतं. माझ्यात जवळजवळ पाच. आणि अॅसिमेट्रिक बॉलला तिसरी एक खूण असते, मास बायसची, म्हणजे कोअरचा असमतोल कुठल्या अंगाला आहे ती, ती पिन आणि सीजीच्या सरळ रेषेत पुढे यायला पाहिजे, इथे सीजी त्या रेषेपासून चांगला बाजूला सरकलेला. म्हणजे तीन खुणा तीन दिशांना. असला बॉल बघितला की बरेच ड्रिलर म्हणतात हा कशाला घेतलास, हाऊस बॉल (सेंटरमधला सगळ्यांनी वापरायचा बॉल) म्हणून ठेव.

मालकांना दाखवला तर त्यांनी हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "कोअर शिफ्ट झालाय की". संपलं! मला पुढे काही समजावून सांगावंच लागलं नाही. फाउंड्रीच्या गावात ज्याने आयुष्यभर कास्टिंग मशीन केलंय त्याला साच्यात कोअर किंचित सरकला की काय होतं ते रोजचंच आहे, एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ, आणि भोक मारताना कुठली खूण धरायची हा प्रश्न. बॉलिंग बॉलमध्ये पण तेच. कोअर अगदी थोडा हलला तरी वर पृष्ठभागावर सीजीची खूण इंच-दोन इंच पळते, त्यामुळे ती खूण दिसायला भयानक दिसते पण आत फार काही बिघडलेलं नसतं.

आता मुद्द्याचं, आणि हे मी जरा लांबण लावून लिहिणार आहे कारण यावरच सगळे चुकीचे सल्ले देतात. लोक सीजीला धरून बसतात. सीजी तळव्याच्या मध्यावर आला पाहिजे, सीजी उजवीकडे गेला की बॉल जास्त वळतो, वगैरे. पूर्वी त्याला नियमाचा पण आधार होता. अमेरिकेतली यूएसबीसी नावाची संस्था बॉलचे नियम ठरवते, तिच्या जुन्या नियमात बाजूचं वजन एक औंसाच्या वर चालत नव्हतं, मग असल्या बॉलला वजन जुळवायला एक जादा भोक पाडायचे, बॅलन्स होल म्हणायचे त्याला. १ ऑगस्ट २०२० पासून ते जादा भोक बंद झालं आणि त्याच्या बदल्यात वर-खाली, डावी-उजवी, बोट-अंगठा सगळीकडे तीन औंसापर्यंत फरक चालायला लागला. माझ्यासारख्या बॉलला या बदलाने जीवदान मिळालं. आणि हिशोब करून बघा, पंधरा पौंड म्हणजे २४० औंस, त्यात तीन औंस म्हणजे सव्वा टक्का. एवढ्याशा गोष्टीवरून बॉलची चाल ठरत नाही.

चाल ठरते ती कोअर तुमच्या हाताच्या फिरकीच्या मानाने कुठे बसलाय त्यावर. तुम्ही बॉल सोडला की तो ज्या अक्षावर फिरतो त्या अक्षाचं टोक बॉलवर जिथे येतं त्याला पीएपी म्हणतात, प्रत्येकाचा वेगळा. पिन पीएपीपासून किती लांब ठेवली यावर बॉल किती फ्लेअर करेल ते ठरतं. लेनवर तेल घातलेलं असतं, फ्लेअर म्हणजे प्रत्येक फेरीला बॉल थोडा वेगळ्या जागी लेनला टेकतो, तेल न लागलेला भाग खाली येतो आणि म्हणून पकड मिळते. बॉलचा घेर २७ इंच, त्याचा पाव भाग पावणेसात, पिन पीएपीवरच ठेवली किंवा पावणेसात इंचावर नेली तर फ्लेअर जवळजवळ नाहीच, आणि बरोबर मध्ये म्हणजे ३ ३/८ इंचावर ठेवली तर सगळ्यात जास्त. आता यात सीजी कुठे आला बघा, कुठेच नाही!

मो पिनेल म्हणून अमेरिकेत बॉल डिझायनर होते, २०२१ मध्ये गेले, त्यांनी हे सगळं तीन आकड्यांत मांडायची पद्धत दिली, ड्युअल अँगल लेआऊट म्हणतात. पहिला आकडा ड्रिलिंग अँगल, म्हणजे पिनपाशी उभं राहून पीएपीकडे जाणारी रेषा आणि मास बायसकडे जाणारी रेषा यांच्यातला कोन. दुसरा पिन ते पीएपी अंतर. तिसरा व्हीएएल अँगल, पीएपीतून जाणाऱ्या उभ्या रेषेशी पिन किती कोनात आहे तो. पहिला कोन लहान केला की बॉल लवकर रोलमध्ये येतो, मोठा केला की उशिरा. तिसरा लहान केला की तेल संपल्यावर पटकन वळतो, मोठा केला की गोलाईने वळतो. या पद्धतीत सीजीला जागाच नाही, म्हणून असल्या वेड्यावाकड्या बॉलला हीच पद्धत धरावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मालकांनी हे सगळं एकदा शांतपणे ऐकून घेतलं, कागदावर गोळा काढला, आणि पहिला प्रश्न काय विचारला माहितीय? "ही मास बायसची खूण कंपनीने मारलीय ती बरोबर आहे कशावरून? सीजी एवढा सरकलाय तर ही पण सरकली असेल." मला हा प्रश्न आजवर कुठल्याही ड्रिलरने विचारला नव्हता. पैसे वसूल तिथेच झाले म्हणा.

मग जे केलं ते बघण्यासारखं होतं. त्यांच्याकडे अॅल्युमिनियमचा एक गोल कप पडलेला, जुन्या कामाचा, तो लेथवर बॉलच्या गोलाईला मापात घेतला, मधे बारीक भोक, खालून कंप्रेसरची हवा जोडली. हवा चालू केली की पंधरा पौंडाचा गोळा अलगद उचलतो आणि बोटाने ढकलला तरी फिरतो. नुसता सोडला तर जड बाजू आपोआप खाली जाऊन थांबली, वर खडूने खूण केली, तिच्या बरोबर उलट्या बाजूला सीजी, कंपनीच्या खुणेशी तंतोतंत जुळला. मग पिन वर धरून जोरात फिरवला. सुरुवातीला पिन वरच, मग थोडी डुलायला लागली, हळूहळू खाली खाली जात शेवटी पिन पार आडवी झाली आणि बॉल भलत्याच अक्षावर स्थिर फिरायला लागला. ऑपरेटर पोरगा बैलहोंगलकडचा, मी मधे मधे हात घालायला लागलो की "स्वल्प तडीरी सर" (जरा थांबा सर) म्हणून मला मागे सारायचा, त्याने वरून मार्कर टेकवला तर आधी मोठं वर्तुळ आलं, मग लहान, मग त्याहून लहान आणि शेवटी एक टिंब. ते टिंब म्हणजे खरा मास बायस. कंपनीच्या खुणेपासून चांगलं अर्धा इंच बाजूला! हेच करायला बाहेर वेगळं मशीन मिळतं, डीटर्मिनेटर नावाचं, आपल्याकडे एका कपावर आणि कंप्रेसरवर झालं.

पीएपी मात्र मीच काढून नेला होता. बेंगळुरूला कामासाठी जाणं होतं तेव्हा तिथे खेळतो, तिथल्या तेल घातलेल्या लेनवर टाकून बॉलवर जी तेलाची पहिली रेघ उमटते तिच्यावरून मोजायचा असतो. माझा ग्रिपच्या, म्हणजे बोट-अंगठ्याच्या भोकांच्या, मध्यापासून पाच इंच उजवीकडे आणि अर्धा इंच वर. हे माप घेऊन जाणं तुमची जबाबदारी आहे, वर्कशॉपमध्ये लेन नाही, तिथे कुणी काढून देणार नाही. आधीचा बॉल ज्या शहरी दुकानात ड्रिल केला होता तिथे पीएपीचा विषयच निघाला नव्हता, हाताचं माप घेतलं, सीजी मध्यावर धरला आणि दिलं मारून. तो बॉल वाईट नाही पण तो माझ्यासाठी मारलेला नाही, कुणाच्याही हातात तसाच बसेल.

लेआऊट, म्हणजे भोकांची मांडणी, ठरवला ४५ अंश, साडेचार इंच, ४० अंश. ३ ३/८ वर पिन ठेवून फुल्ल फ्लेअर घ्यायचा मोह होता पण मी बॉल फार वेगात टाकत नाही, रेव्हज् म्हणजे फिरकी मध्यम, जास्त फ्लेअर घेतला असता तर बॉल अर्ध्या लेनवरच ताकद खर्च करून बसला असता. या आकड्यांनी पिन अनामिकेच्या भोकाच्या वर उजवीकडे आली, मास बायस अंगठ्याच्या थोडा उजवीकडे, आणि सीजी बघाल तर ग्रिपच्या मध्यापासून पावणेचार इंच उजवीकडे, हवेत लोंबकळल्यासारखा. फोटो ग्रुपवर टाकला तर दोघातिघांनी लगेच विचारलं की हे काय मारलंय. बाजूचं वजन भोकं मारून झाल्यावर मोजलं, साधारण दोन औंस, म्हणजे ५६-५७ ग्रॅम. जुन्या नियमात बाद, आताच्या नियमात आरामात बसतं. मोजायला डोडो स्केल म्हणून खास काटा येतो तो तिथे नाही, मालकांनी मधोमध धार ठेवून एक दांडी केली, त्यावर बॉल ठेवायला कप आणि दुसऱ्या टोकाला वजनं, आणि वजनं आणली शहापूरच्या एका सराफ मित्राकडून. ग्रॅमात मोजलं, औंसात मी बदललं.

प्रत्यक्ष ड्रिलिंग मिलिंग मशीनवर. बॉल धरायला खाली वाटी आणि वरून नायलॉनचे जबडे, ओरखडा एक पण नाही. पिचचा प्रकार समजावताना मला वाटलं वेळ जाईल, कारण बॉलिंगमध्ये पिच अंशात सांगत नाहीत, भोकाचा अक्ष बॉलच्या केंद्रापासून किती इंच चुकवायचा ते सांगतात. ते म्हणाले "मग सोपंच आहे की, टेबल तेवढं सरकवायचं". एक अष्टमांश इंच म्हणजे ३.१७५ मिलिमीटर, डिजिटल रीडआऊटवर आकडा घातला, झालं. ज्या माणसाला रोज हंड्रेड्थमध्ये काम करायची सवय त्याला हे काहीच नाही. बोटांची भोकं ३१/३२ इंच, इन्सर्टसाठी, म्हणजे भोकात बसवायच्या रबरी नळ्यांसाठी. अंगठ्याला सव्वा इंच, त्यात स्लग, म्हणजे भरीव तुकडा, चिकटवून मग स्लगमध्ये माझ्या अंगठ्याचं भोक. टूल हळू फिरवलं, कारण रेझिन तापलं की चिकट होतं आणि भोकाच्या भिंती खराब होतात, बाहेर येणारी चिप जांभळी, लांबच लांब गुंडाळी होऊन पडत होती आणि मग कोअरच्या बाहेरचं फिलर लागलं तशी पांढरी भुकटी यायला लागली. दोन बोटांमधला पूल किती ठेवायचा ते पण त्यांनी स्वतः विचारलं.

आता कमी काय पडलं ते पण लिहितो, नाहीतर रिव्ह्यू कशाला. अंगठ्याच्या भोकाची धार. मशीनचं काम मापात पण कडेची गोलाई म्हणजे बेव्हल अगदी नावाला दिलेली, सरळ काटकोनी कड, अशा बॉलवर अंगठा सोलवटून निघतो. मालक बॉलिंग खेळत नाहीत, हातात घेऊन झुलवून बघायची गोष्ट त्यांना माहीत नाही, त्यांच्या दृष्टीने ड्रॉइंगमध्ये नाही ते करायचं नाही, आणि त्यांच्या धंद्यात ते बरोबरच आहे. मी घरी अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपरने करून घेतलं, बराच वेळ गेला. अंगठ्याचं भोक गोल मिळतं, लंबगोल पाहिजे असेल तर ते पण हातानेच करावं लागणार. प्रो शॉपमध्ये ड्रिलर तुमचा अंगठा बघून हे करतो, इथे नाही होत. दुसरं, वेळ. ऑर्डरचं काम आलं की तुमचा बॉल कोपऱ्यात. मी रोज संध्याकाळी कामावरून येताना थांबून "मामा, झालं काय" विचारायचो, मग एकदा त्यांनीच सांगितलं की फोन करतो, येऊ नको. तिसरं, इन्सर्ट आणि स्लग तिथे मिळत नाहीत, ते आधी मागवून घेऊन जा, आणि स्लग चिकटवायचं चांगलं इपॉक्सी पण.

पैसे? ड्रिलिंग, कप, दांडी सगळं धरून दीड हजार घेतले. मला तरी कमीच वाटले. कपाचं काम एकदाच होतं, पुढच्याला कदाचित अजून कमी पडेल.

लेनवर काय झालं ते सांगतो. नेहमीच्या हाऊस पॅटर्नवर, म्हणजे मधे तेल जास्त, बाजूला कमी. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडायच्या रेषेपासून, पहिली पिन साठ फूट, त्यातलं तेल चाळीसेक फुटांपर्यंत. जुना बॉल तेल संपण्याच्या आधीच थोडा थोडा वाकायचा आणि पिनांपाशी जाऊन मऊ पडायचा, सात-दहा स्प्लिट (मागच्या दोन टोकांच्या पिना उभ्या) नाहीतर पाठीमागची एक पिन उभी. हा बॉल सरळ जातो, तेल संपल्यावर एक क्षण काहीच करत नाही असं वाटतं, मग एकदम आत वळून पुढच्या पिनांमधल्या पॉकेटमध्ये घुसतो. परत आल्यावर बॉल बघितला तर तेलाच्या रेघा एकमेकींपासून सुट्या, समान अंतराने, बो-टायसारख्या एका जागी जवळ येऊन पुन्हा पसरलेल्या, आणि एकही रेघ बोटाच्या किंवा अंगठ्याच्या भोकावरून जात नाही. ड्रिलिंग बरोबर झालं का हे बघायचं असेल तर त्या रेघा बघा, स्कोअर नंतर. रेघ भोकावरून गेली असती तर लेनवर खट् खट् आवाज येतो आणि बॉलची चाल बिघडते. इथे आवाज नाही. आणि बाजूचं दोन औंस वजन? सोडताना हातात सुद्धा जाणवत नाही, खरंच सांगतो.

कोरड्या लेनवर, म्हणजे संध्याकाळी गर्दी होऊन तेल उडून गेल्यावर, हा बॉल जास्तच लवकर वळतो. तो लेआऊटचा दोष नाही, पृष्ठभागाचा आहे, २००० ग्रिटवर आहे, थोडं पॉलिश केलं तर बरं पडेल असं वाटतंय. स्पेअरला, म्हणजे उरलेल्या पिना पाडायला, प्लास्टिकचा हाऊस बॉलच वापरतो, दहा नंबरच्या पिनेवर असला वळणारा बॉल टाकायचं काही कारण नाही.

एक गोष्ट एक्स-आऊट घेणाऱ्यांसाठी. सिमेट्रिक कोअरचा असेल तर पिन लांब असली काय, जवळ असली काय, डोळे झाकून घ्या, फक्त वजन तीन औंसाच्या आत येतंय का ते बघा. अॅसिमेट्रिक असेल तर मास बायस आधी तपासून घ्या, फिरवून, खुणेवर विश्वास ठेवू नका. कोअर किती अॅसिमेट्रिक असावा याला पण मर्यादा आहे, इंटरमीजिएट डिफरन्शियल ०.०३४ पर्यंत, २०१६ मध्ये मोटिव्ह कंपनीच्या जॅकल बॉलची मान्यता याच आकड्यावरून काढून घेतली होती, तेव्हा हा आकडा नुसता कागदावरचा नाही. माझ्या बॉलचा ०.०१६ छापलाय, तेवढ्यावर सुद्धा अर्धा इंच चूक लेनवर दिसली असती.

भरून घ्यायचं काम, म्हणजे जुनी भोकं प्लग करून नवीन मारणं, तिथे अजून करत नाहीत, त्यासाठी रेझिन ओतायचं आणि वाळवायचं वेगळं सामान लागतं. नवा, भोक न मारलेला बॉल घेऊन जा. जाताना पीएपीचं माप, स्पॅन (अंगठ्यापासून बोटांच्या भोकांचं अंतर), पिच, इन्सर्टचा साइज आणि अंगठ्याचा साइज हे सगळं एका कागदावर मिलिमीटरमध्ये लिहून न्या, इंचात लिहिलंत तर ते आधी सगळं बदलून घेतात आणि त्यात अर्धा तास जातो.